एक्सप्रेस: ॲपच्या आत राउटर, राउटरच्या आत पुन्हा ॲप, आणि ॲडमिनचं लॉगिन प्रॉडक्शनला गोल गोल फिरतंय

चहाबाज_बॅकेंड

मंडळी, नोड (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) आणि एक्सप्रेसवर (त्यावरचं वेब फ्रेमवर्क) काम करणारे कोणी असतील तर जरा इकडे लक्ष द्या. हाउसिंग सोसायट्यांसाठी मेंटेनन्सची बिलं, पावत्या, नोटीस बोर्ड असलं सगळं असणारं एक ॲप्लिकेशन आहे, आधी सगळे राउट (कोणत्या पत्त्याला कोणता कोड चालेल ते) एकाच लांबलचक फाइलमध्ये कोंबलेले होते, ते आता तुकडे करून नीट लावायला घेतलंय. एक्सप्रेस ४ आहे, ५ वर जायचंय पण आधी हे निस्तरू दे.

सध्या रचना अशी आहे:

मेनॲप.यूज('/सोसायटी/:आयडी', सोसायटीराउटर)
सोसायटीराउटर.यूज('/ॲडमिन', ॲडमिनॲप)

यातला सोसायटीराउटर म्हणजे साधा एक्सप्रेसचा राउटर, मर्जपॅराम्स ट्रू करून (म्हणजे वरच्या पातळीचे पत्त्यातले पॅराम्स आतही मिळावेत म्हणून) बनवलेला. ॲडमिनॲप मात्र पूर्ण एक्सप्रेस ॲप आहे कारण ते आमच्या आधीच्या माणसाने वेगळं लिहिलं होतं, त्याचं टेम्प्लेट इंजिन ईजेएस, आमचं पग, व्ह्यूजचं फोल्डरही वेगळं. म्हटलं उचलून आत बसवून टाकू, एक ॲप दुसऱ्या ॲपमध्ये माउंट होतं हे डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय.

बसलं खरं, पण त्रास चालू झालेत. ॲडमिनच्या आत पॅराम्समध्ये सोसायटीचा आयडी अनडिफाइन्ड येतो, वरच्या राउटरला मर्जपॅराम्स दिलेला असूनही. ॲडमिनमधून '/लॉगिन' ला रीडायरेक्ट केलं की साइटच्या मुळाशी जातं, तिथे तसलं पानच नाही, मग तात्पुरतं मी ओरिजिनलयूआरएल स्लॅशवर तोडून तिसरा तुकडा आयडी म्हणून उचलतोय आणि त्यावरून पत्ता बनवतोय (हसू नका). तिसरं म्हणजे ॲडमिनखाली कोणी भलताच पत्ता टाकला की आमचं मुख्य ४०४ चं पान यायला हवं, त्याऐवजी ५०० (सर्व्हर एरर) येतो आणि लॉगमध्ये दिसतं की '४०४' नावाचा व्ह्यू सापडला नाही, आणि तो शोधतोय कुठे तर ॲडमिनच्या व्ह्यूज फोल्डरमध्ये!! ४०४ चा हँडलर मेनॲपमध्ये आहे हो, तो ॲडमिनच्या फोल्डरात कशाला जाईल?

आणि सगळ्यात डोकं खाणारं म्हणजे लॉगिन. लोकलला झकास चालतं. प्रॉडक्शनला पुढे एनजिनएक्स (प्रॉक्सी सर्व्हर) आहे, एचटीटीपीएस तिथेच संपतं, मेनॲपला ट्रस्ट प्रॉक्सी १ (पुढच्या प्रॉक्सीने पाठवलेल्या हेडरवर विश्वास ठेव) सेट केलेलं आहे, एक्सप्रेस-सेशन मेनॲपवरच लावलंय, कुकी सिक्युअर, म्हणजे फक्त एचटीटीपीएसवर जाणारी. सेक्रेटरी काका लॉगिन करतात, पासवर्ड बरोबर, आणि पुन्हा लॉगिनचंच पान. पण तेच काका आधी सोसायटीचं मुख्य पान उघडून मग ॲडमिनवर गेले तर व्यवस्थित आत जातात. आमचे टेस्टर म्हणतात रँडम बग आहे. रँडम नसणार हे मलाही कळतंय पण धागा सापडत नाहीये.

---

खटपट्या

सब-ॲप काढून टाका आणि सगळं राउटर करा. विषय संपला. एक ॲप आणि त्याच्या आत फक्त राउटर, एवढंच ठेवायचं.

---

चहाबाज_बॅकेंड

@खटपट्या ते कळतंय हो, पण त्याचे ईजेएसचे टेम्प्लेट ढीगभर आहेत, सगळे पगमध्ये आणायला वेळ कोण देणार. आणि मुळात हे असं का होतंय ते तरी कळू दे.

---

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

रीडायरेक्टचं आधी घ्या, ते सोपंय. एक्सप्रेसमध्ये रिस्पॉन्सच्या रीडायरेक्टला तुम्ही जो पत्ता देता तो जसाच्या तसा लोकेशन हेडरमध्ये जातो, माउंट कुठे केलंय वगैरे बघून तो काही जोडत नाही. स्लॅशने सुरू झालेला पत्ता म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने साइटचं मूळ. त्यामुळे आत बसवलेल्या कुठल्याही ॲपमध्ये किंवा राउटरमध्ये रिक्वेस्टचा बेसयूआरएल पुढे लावायचा, म्हणजे बेसयूआरएल अधिक '/लॉगिन'.

रिक्वेस्टवर तीन गोष्टी असतात त्या एकदा नीट बघून घ्या. समजा पत्ता आला /सोसायटी/४२/ॲडमिन/बिलं. ॲडमिनच्या आत यूआरएल असतो फक्त '/बिलं', पुढचा भाग कापलेला. बेसयूआरएल असतो '/सोसायटी/४२/ॲडमिन', म्हणजे आतापर्यंत जे जे कापलं गेलं ते सगळं एकत्र, कितीही पातळ्या असोत. आणि ओरिजिनलयूआरएल म्हणजे आला तसा अख्खा. बाहेर पडताना एक्सप्रेस कापलेलं परत चिकटवतो, त्यामुळे पुढच्या मिडलवेअरला (रिक्वेस्ट वाटेत हाताळणाऱ्या फंक्शनला) काही कळतही नाही. तुम्ही ते ओरिजिनलयूआरएल तोडून जोडताय त्याची काही गरज नाही.

आणि ॲपवर जो माउंटपाथ असतो आणि पाथ नावाचं फंक्शन असतं त्याच्या नादी लिंक बनवायला लागू नका, त्यात '/सोसायटी/:आयडी/ॲडमिन' असा नमुना मिळतो, खरा ४२ नाही. शिवाय ॲप ॲरे देऊन दोन ठिकाणी बसवलं असेल तर माउंटपाथपण ॲरेच येतो.

बाकी लॉगिनचं मला कळलं नाही, सिक्युअर कुकीचं काहीतरी असणार. एक्सप्रेस-सेशनचा डीबग चालू करून बघा.

---

सौ_सर्व्हर

तुमचे हे चार त्रास दिसतात वेगवेगळे पण दोनांचं मूळ एकच आहे, ४०४ चं आणि लॉगिनचं. आणि ते मूळ म्हणजे तुम्ही ॲप राउटरमध्ये बसवलंय. ॲपमध्ये ॲप चालतं, राउटरमध्ये राउटर चालतो, ॲपमध्ये राउटर चालतो, पण राउटरमध्ये ॲप बसवलं की ते चालल्यासारखं दिसतं आणि गडबड इथेच होते.

जरा सविस्तर सांगते. यूज नावाचं फंक्शन ॲपवरही असतं आणि राउटरवरही, पण दोघं वेगळं वागतात. ॲपचा यूज तुम्ही दिलेल्या वस्तूकडे बघतो, तिच्यावर हँडल आणि सेट ही दोन्ही फंक्शनं असतील तर हे दुसरं एक्सप्रेस ॲप आहे असं तो ओळखतो. मग तो त्या ॲपवर माउंटपाथ लिहितो, पेरेंट लिहितो, त्याला 'माउंटेड_ॲप' नावाच्या एका छोट्या फंक्शनात गुंडाळतो आणि शेवटी त्या ॲपवर 'माउंट' नावाचा इव्हेंट पाठवतो. राउटरचा यूज यातलं काहीच करत नाही. त्याच्या लेखी तुमचं ॲडमिनॲप हे रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, नेक्स्ट घेणारं एक साधं फंक्शन, आणि एक्सप्रेस ॲप खरंच तसलं फंक्शन असतंच, म्हणून एरर येत नाही. थोडक्यात ॲपचा यूज रीतसर दत्तक घेतो आणि राउटरचा यूज नुसता पाहुणा म्हणून घरात ठेवतो, वारसाहक्क नाही.

वारसाहक्क म्हणजे काय तर सेटिंग. 'माउंट' इव्हेंट आला की आतलं ॲप आपल्या सेटिंगचा प्रोटोटाइप (स्वतःकडे नसेल ते जिथे शोधायचं ती जागा) बाहेरच्या ॲपच्या सेटिंगवर नेऊन लावतं, इंजिनांचं आणि रिक्वेस्ट-रिस्पॉन्सचंही तसंच. त्यामुळे ज्या सेटिंगला मुळात डिफॉल्ट किंमत नसते ती बाहेरून येते, उदाहरणार्थ व्ह्यू इंजिन. ज्याला डिफॉल्ट असते ती येत नाही कारण आतल्या ॲपकडे स्वतःची असते, उदाहरणार्थ व्ह्यूजचं फोल्डर. आणि याला मुद्दाम ठेवलेला अपवाद म्हणजे ट्रस्ट प्रॉक्सी, त्याला डिफॉल्ट आहे, फॉल्स, तरी आतल्या ॲपमध्ये तुम्ही स्वतः हात लावला नसेल तर माउंट होताना ती किंमत पुसली जाते आणि बाहेरची लागू होते.

तुमच्याकडे माउंटच होत नाहीये त्यामुळे ॲडमिनॲपमध्ये ट्रस्ट प्रॉक्सी फॉल्सच आहे.

आता लॉगिन बघा. सेशन तुम्ही मेनॲपवर लावलंय म्हणून तुम्हाला वाटतंय की मेनॲपचं ट्रस्ट प्रॉक्सी त्याला लागू होईल. पण एक्सप्रेस-सेशन कुकी कधी लावतं? रिक्वेस्ट आत येताना नाही, रिस्पॉन्सची हेडरं बाहेर पडतानाच्या क्षणी. त्या क्षणी ते विचारतं की कुकी सिक्युअर आहे तर कनेक्शन सिक्युअर आहे का, आणि त्यासाठी रिक्वेस्टचं सिक्युअर वाचतं. ते वाचतं प्रोटोकॉल, प्रोटोकॉल विचारतो रिक्वेस्टच्या ॲपला की प्रॉक्सीवर विश्वास ठेवायचा का. आणि त्या वेळी रिक्वेस्टचं ॲप कोण आहे? ॲडमिनॲप, कारण रिस्पॉन्स तिथून जातोय आणि ॲडमिनॲप आत शिरताच रिक्वेस्टचा प्रोटोटाइप स्वतःचा करून टाकतं. ते म्हणतं नाही, नाही ठेवायचा. मग एनजिनएक्सने पाठवलेलं एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो बघितलंच जात नाही, प्रोटोकॉल ठरतो एचटीटीपी, आणि सेशन गुपचूप कुकी न लावता पुढे जातं. एरर नाही, वॉर्निंग नाही. डीबग चालू केलात तर 'नॉट सिक्युअर्ड' एवढीच ओळ दिसेल.

आणि काका आधी मुख्य पान उघडतात तेव्हा रिस्पॉन्स जातो मेनॲपकडून, तिथे ट्रस्ट प्रॉक्सी १ आहे, कुकी लागते. मग तीच कुकी घेऊन ते ॲडमिनवर येतात, सेशन सापडतं, नवी कुकी लावायची गरजच नाही, आत जातात. ज्यांनी ॲडमिनचा बुकमार्क करून ठेवलाय ते थेट तिकडे येतात आणि अडकतात. अंदाज सांगते, तुमच्याकडे सेव्हअनइनिशियलाइज्ड (रिकामं सेशनही साठवणं) ट्रू असणार, नाहीतर मुख्य पानावरही कुकी लागली नसती.

४०४ चंही यातच. ॲपमध्ये रीतसर माउंट केलेल्या ॲपला राउट सापडला नाही आणि त्याने नेक्स्ट म्हटलं, की ते 'माउंटेड_ॲप' फंक्शन रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्सचा प्रोटोटाइप परत बाहेरच्या ॲपचा करून मगच पुढे सोडतं. तुमच्याकडे ते फंक्शनच नाही. त्यामुळे रिक्वेस्ट ॲडमिनमधून बाहेर पडली, मेनॲपच्या ४०४ हँडलरपर्यंत पोचली, पण तिच्यावरचं ॲप अजून ॲडमिनॲपच. रिस्पॉन्सचं रेंडर रिक्वेस्टच्या ॲपला विचारूनच फाइल शोधतं, म्हणून ते ईजेएसच्या फोल्डरात तुमचं ४०४ चं पान शोधत बसलं.

खात्री करायची असेल तर ॲडमिनॲपवर 'माउंट' इव्हेंट ऐकणारी एक कन्सोल लॉगची ओळ टाका आणि सर्व्हर चालू करा. माझा अंदाज आहे की काहीच छापलं जाणार नाही.

---

चहाबाज_बॅकेंड

ताई, दंडवत. खरंच काही छापलं नाही. ॲडमिनॲपचा माउंटपाथ छापला तर नुसता '/' आला आणि पाथ फंक्शनने रिकामी स्ट्रिंग दिली. आणि हो, सेव्हअनइनिशियलाइज्ड ट्रूच आहे, कुठून कळलं!

तर आता ॲडमिनॲप सोसायटीराउटरमधून काढून थेट मेनॲपवर लावलं, असं:

मेनॲप.यूज('/सोसायटी/:आयडी/ॲडमिन', ॲडमिनॲप)

लॉगिन लगेच चालायला लागलं, ४०४ पण आपल्या जागी. आयडी मात्र अजूनही अनडिफाइन्डच आहे.

---

मुळामुठा

थांबा थांबा, हे डिप्लॉय करू नका!

सोसायटीराउटरवर तुम्ही काय काय मिडलवेअर लावलंय? लॉगिन केलेला माणूस त्याच सोसायटीचा सभासद आहे का ही तपासणी बहुतेक तिथेच असणार, सगळे तिथेच लावतात. आता ॲडमिन त्या राउटरच्या खालून निघून बाजूला आलं, म्हणजे ४२ नंबरच्या सोसायटीचा सेक्रेटरी पत्त्यात ४३ टाकून दुसऱ्यांची बिलं बघू शकेल. राउट हलवले की त्यांच्या अंगावरचे पहारेकरी मागे राहतात, हे लॉगमध्ये कुठेही दिसत नाही कारण सगळं अगदी छान चालत असतं.

यूजला एकामागोमाग कितीही फंक्शनं देता येतात आणि शेवटी ॲप दिलं तरी ते ओळखलं जातं, तेव्हा:

मेनॲप.यूज('/सोसायटी/:आयडी/ॲडमिन', सभासदतपासणी, ॲडमिनॲप)

हे सोसायटीराउटरच्या ओळीच्या वर ठेवा. खाली ठेवलं तरी रिक्वेस्ट राउटरमधून न सापडता बाहेर पडून इथे येईल, पण राउटरमध्ये '/:पान' असला कुठला राउट असेल तर '/ॲडमिन' तोच गिळून टाकेल, आणि राउटरने स्वतःचं ४०४ लावलं असेल तर काहीच पुढे येणार नाही.

आयडीचं उत्तरही याच ओळीत आहे. सभासदतपासणी हे फंक्शन मेनॲपच्या पातळीवर चालतंय, तिथे पॅराम्समध्ये आयडी असतो. ॲडमिनॲपच्या आत गेल्यावर नसतो, आणि त्याला इलाज नाही, कारण मर्जपॅराम्स हा राउटर बनवतानाचा पर्याय आहे, तो ४.५ मध्ये आला, आणि ॲप आपला आतला राउटर स्वतः बनवतं, त्याला फक्त अक्षरांची लहान-मोठी आणि शेवटचा स्लॅश यांबद्दलची दोन सेटिंगं देतं, मर्जपॅराम्स नाही. ॲडमिनॲपच्या आत आणखी एखादा राउटर मर्जपॅराम्स लावून टाकलात तरी उपयोग नाही, मधली कडी तुटलेली आहे, आतल्या राउटरला फक्त त्याच्या लगेच वरच्याकडे जे आहे तेच मिळतं. म्हणून सभासदतपासणीतच सोसायटी डेटाबेसमधून काढा आणि रिस्पॉन्सच्या लोकल्समध्ये (त्या रिक्वेस्टपुरती माहिती ठेवायची जागा) ठेवून द्या. ते आतल्या ॲपमध्ये तसंच पोचतं, ॲप ते असेल तर हात लावत नाही, नसेल तरच नवीन बनवतं. वर टेम्प्लेटलाही आपोआप मिळतं.

रिस्पॉन्सचे लोकल्स आणि ॲपचे लोकल्स यात मात्र गल्लत करू नका. मेनॲपच्या लोकल्समध्ये रुपयांचा फॉरमॅट करणारं फंक्शन वगैरे ठेवलं असेल तर ते ॲडमिनच्या टेम्प्लेटला दिसणार नाही, माउंट केलं तरी नाही. सेटिंगचा वारसा मिळतो, लोकल्सचा मिळत नाही.

---

चहाबाज_बॅकेंड

बाप रे. सभासद तपासणी सोसायटीराउटरवरच होती. स्टेजिंगला दुसरा आयडी टाकून बघितलं, खरंच दिसत होती बिलं. ओळ बदलली, आता ४०३ (परवानगी नाही) येतोय.

---

खटपट्या

म्हणून म्हटलं होतं राउटर करा 😄

गंमत बाजूला, @चहाबाज_बॅकेंड तुमच्या केसमध्ये वेगळं इंजिन आहे तर सब-ॲप ठीक. पण नवीन लिहिताना लोक अजून सब-ॲप का करतात तर जुनी ट्युटोरियल वाचून. एक्सप्रेस ३ पर्यंत तुकडे माउंट करायचे तर पूर्ण ॲपच माउंट करावं लागायचं. २०१४ च्या एप्रिलमध्ये ४ आलं, त्यात आज आपण वापरतो तो राउटर आला, स्वतःचं मिडलवेअर, स्वतःचे राउट, कुठेही बसवा. वेगळी सेटिंग, वेगळं टेम्प्लेट इंजिन किंवा तोच तुकडा स्वतंत्र सर्व्हर म्हणूनही चालवायचाय, यापैकी काही नसेल तर सब-ॲपची भानगड करूच नये या मताचा मी आहे. पुढेमागे ईजेएस गेलं की करा राउटर, आणि तेव्हा मर्जपॅराम्स प्रत्येक पातळीला लावा, फक्त सगळ्यात आतल्याला नाही.

---

पायथॉनवाली

धागा एक्सप्रेसचा आहे पण राहवत नाही म्हणून लिहिते. हे कापणं-चिकटवणं फार जुनं आहे, सीजीआयच्या काळात स्क्रिप्ट_नेम आणि पाथ_इन्फो असे दोन भाग असायचे, आतापर्यंत कापलेला पत्ता पहिल्यात आणि उरलेला दुसऱ्यात. पायथॉनचं डब्ल्यूएसजीआय आणि रूबीचं रॅक, दोघांनी तीच नावं तशीच उचलली. तुमचा बेसयूआरएल म्हणजे स्क्रिप्ट_नेमच.

फरक एवढाच की फ्लास्कमध्ये यूआरएल_फॉर नावाचं फंक्शन राउटच्या नावावरून पत्ता बनवून देतं आणि त्यात स्क्रिप्ट_नेम आपोआप येतं, म्हणून ॲप दुसऱ्या ॲपखाली ढकललं तरी लिंका सहसा तुटत नाहीत. एक्सप्रेसमध्ये असं राउटच्या नावावरून पत्ता बनवणं मुळातच नाही, सगळं हाताने. आणि सब-ॲपच्या वारशाचे घोळ सगळीकडेच असतात, फास्टएपीआयमध्ये सब-ॲप माउंट केलं तर त्याचं लाइफस्पॅन, म्हणजे सुरू होताना डेटाबेस कनेक्शन उघडणं वगैरे, चालतच नाही, फक्त मुख्य ॲपचं चालतं. नवीन माणूस तिथे हमखास अडकतो.

---

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

@सौ_सर्व्हर, हे राउटरमध्ये ॲप बसवल्यावर निदान एक वॉर्निंग तरी द्यायला हवी होती ना त्यांनी? यूजमध्ये ओळखायचं लॉजिक तर आहेच.

---

सौ_सर्व्हर

राउटरला एक्सप्रेस ॲप म्हणजे काय हे माहीतच नाही, त्याला फंक्शन कळतं. ५ मध्ये तर राउटर हे पूर्ण वेगळं पॅकेज आहे. शिवाय काही लोक मुद्दाम असं करतात, आतलं ॲप पूर्ण अलिप्त हवं असतं, बाहेरची एकही सेटिंग नको असते. त्यांचं बरोबरच आहे, फक्त मग आतल्या ॲपमध्ये ट्रस्ट प्रॉक्सी स्वतः सेट करायचं आणि ४०४ व एरर दोन्ही आतच हाताळायचे, रिक्वेस्ट बाहेर पडूच द्यायची नाही.

@चहाबाज_बॅकेंड, ५ वर जाणार म्हणालात तर एवढं बघून घ्या. पत्त्यातला नुसता तारा आता चालत नाही, त्याला नाव द्यावं लागतं, '/*स्प्लॅट' असं काहीतरी, नाहीतर सर्व्हर सुरू होतानाच पडतो. एसिंक हँडलरमध्ये प्रॉमिस रिजेक्ट झालं तर ते आता आपोआप एरर हँडलरकडे जातं, आधी ॲडमिनॲपचा एरर हँडलर, तो नसेल तर मेनॲपचा. आणि कोणता तुकडा पत्त्यातून कुठे कापला जातोय ते बघायला डीबग व्हेरिएबलमध्ये ४ ला 'एक्सप्रेस:राउटर' द्यायचो, ५ ला नुसतं 'राउटर' द्यायचं. 'ट्रिम प्रिफिक्स' असं लिहिलेल्या ओळी शोधा, एका रिक्वेस्टचा सगळा प्रवास त्यात दिसतो.

लॉगिन झाल्यावर सेशन रीजनरेट करताय ना, म्हणजे नवा सेशन आयडी? काका जुन्याच कुकीवर आत जात होते म्हणजे बहुतेक नाही करत. ते करा, नाहीतर लॉगिनच्या आधी कोणी ठरवून दिलेला सेशन आयडी लॉगिननंतरही तसाच वैध राहतो. आणि सेव्हअनइनिशियलाइज्ड फॉल्स करा, येणाऱ्या प्रत्येक बॉटसाठी स्टोअरमध्ये एक रिकामं सेशन कशाला.

---

चहाबाज_बॅकेंड

करतो दोन्ही. रीजनरेट नव्हतं.

एक शेवटचं विचारतो, मग नाही छळत. एका क्लायंटला हे सगळं त्यांच्या डोमेनवर '/पोर्टल' खाली हवंय. एनजिनएक्सच्या प्रॉक्सी_पासमध्ये शेवटी स्लॅश दिला की '/पोर्टल' कापून पुढे पाठवतो असं वाचलं, म्हणजे नोडला काही बदलायला नको. बरोबर ना?

---

मुळामुठा

पाठवतो, पण मग नोडला '/पोर्टल' असतं हेच माहीत नसतं. बेसयूआरएल येणार '/सोसायटी/४२/ॲडमिन', आणि एवढी मेहनत करून नीट केलेले रीडायरेक्ट परत भलतीकडे जाणार. एक्स-फॉरवर्डेड-प्रिफिक्स हेडर पाठवलं तरी एक्सप्रेस ते स्वतःहून वाचत नाही.

त्यापेक्षा एनजिनएक्समध्ये काही कापू नका, पत्ता आहे तसा येऊ द्या आणि बाहेर एक छोटं ॲप ठेवा:

बाहेरचंॲप.यूज('/पोर्टल', मेनॲप)

लिसन बाहेरच्या ॲपवर. ॲपमध्ये ॲप, म्हणजे रीतसर माउंट. बेसयूआरएलमध्ये '/पोर्टल' आपोआप येईल, ॲडमिनपर्यंत. मेनॲपमध्ये ट्रस्ट प्रॉक्सी तुम्ही स्वतः सेट केलेलं आहे त्यामुळे ते तसंच राहील आणि ॲडमिनॲपला मेनॲपकडून मिळेल. ज्या क्लायंटला '/पोर्टल' नकोय तिथे मेनॲपच थेट लिसन करा, आतल्या कोडला फरक पडत नाही.

सेशनच्या कुकीचा पाथ '/पोर्टल' करा, त्यांच्या डोमेनवर इतरही काही चालत असणार, तिकडे आपली कुकी जायला नको. एक्सप्रेस-सेशन तो पाथ ओरिजिनलयूआरएलशी ताडून बघतं, कापलेल्याशी नाही, त्यामुळे चालतं.

टेम्प्लेटमध्ये '/सीएसएस/...' असे मुळापासूनचे पत्ते असतील ते सगळे शोधून बदलावे लागतील, त्याला शॉर्टकट नाही. मेनॲपच्या सुरुवातीलाच एक मिडलवेअर टाका, त्या वेळचा बेसयूआरएल रिस्पॉन्सच्या लोकल्समध्ये 'साइटमूळ' नावाने ठेवा आणि टेम्प्लेटमध्ये तोच पुढे लावा. ॲडमिनसाठी तसंच करणार असाल तर नाव वेगळं द्या, 'ॲडमिनमूळ' वगैरे, एकच नाव ठेवलंत तर आतलं बाहेरच्यावर लिहिलं जाईल आणि ॲडमिनमधली सगळी सीएसएस '/पोर्टल/सोसायटी/४२/ॲडमिन/सीएसएस' मध्ये शोधली जाईल.

---

चहाबाज_बॅकेंड

ओके, साइटमूळ आणि ॲडमिनमूळ. पगवाले टेम्प्लेट आज बदलतो, ईजेएसचे बघू कधी होतात ते. सगळ्यांचे आभार, @सौ_सर्व्हर ताई तुमचे जास्त.